मैदान हिरव्यातून पिवळ्यात चाललंय: वस्ती नक्की ठरवतं कोण?

तिसरा_मजला (धागाकर्ता)

आमच्या वस्तीच्या टोकाला एक मोकळी जागा आहे. आराखड्यात ती खेळाच्या मैदानासाठी राखीव. प्रत्यक्षात तिथे गवत, एक मोडका झोका आणि संध्याकाळी पोरं. परवा कुंपणाला नोटीस लागली: जागेचा वापर बदलून 'रहिवासी व व्यापारी' करण्याचा प्रस्ताव सभागृहापुढे आहे, हरकती लेखी द्याव्यात. सोबत तळहाताएवढा नकाशा. मूळ नकाशा रंगीत असणार, पण लावलीये ती काळीपांढरी झेरॉक्स. मैदानाचा हिरवा आणि घरांचा पिवळा, दोन्ही सारखेच करडे. म्हणजे बदल कशाचा होणार तेच त्या नकाशावरून कळत नाही.

त्यावरून घरात जुंपली. माझं म्हणणं, वस्ती कशी होणार हे सभागृहात हात वर करणारे ठरवतात. घरच्यांचं म्हणणं, बाजार ठरवतो, नगरसेवक नुसता शिक्का मारतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि हरकत घेऊन काही होतं का, तेही सांगा.

वाटसरू

रुमाल टाकून ठेवतो.

गच्चीवरून

पारदर्शक कारभार, फक्त काळ्यापांढऱ्यात. 😀

नकाशेबाज

नगररचनेत नोकरी केली आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर. मागणी बाजारातूनच येते. पण ती जमिनीवर कुठल्या आकारात उतरेल हे नियम ठरवतात. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. ३८ मजले, फुटपाथपासून सरळ वर, कुठेही मागे न सरता. शेजारच्यांचं ऊन गेलं, मालक ओरडले. १९१६ मध्ये शहराने सगळ्या शहराला लागू होणारी झोनिंगची, म्हणजे कुठल्या भागात काय आणि कसं बांधायचं याची, नियमावली केली: ठरावीक उंचीनंतर इमारतीने रस्त्यापासून मागे सरत जायचं. त्यानंतरचे तिथले पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे आपण फोटोत पाहतो. त्यात वास्तुविशारदांची हौस फार नव्हती. नियमात बसून जास्तीत जास्त जागा काढायची तर तोच आकार निघत होता.

ऊनवारा ही झाली सांगायची बाजू. फिफ्थ अव्हेन्यूवरच्या बड्या दुकानदारांनीही या नियमांसाठी जोर लावला होता. कपड्यांच्या कारखान्यांतले स्थलांतरित कामगार दुपारच्या सुट्टीत त्यांच्या दारासमोर गर्दी करत आणि ते त्यांना नको होतं.

मधुमालती

नकाशेबाज यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून. अमेरिकेत काही शहरांनी सरळ वंशावरून झोनिंग केलं होतं, कुठल्या रस्त्यावर कोणी राहायचं ते. लुईव्हिल शहराचा तसा नियम १९१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पुढे १९२६ मध्ये युक्लिड या क्लीव्हलँडजवळच्या गावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने वापरानुसार झोन पाडणं मात्र वैध ठरवलं, आणि निकालात बंगल्यांच्या वस्तीत शिरणाऱ्या अपार्टमेंटला चक्क बांडगुळाच्या पंगतीत बसवलं.

त्यानंतर कुणाचं नाव घ्यायची गरजच उरली नाही. प्लॉट किमान एवढा मोठा हवा आणि त्यावर एकच कुटुंब राहील, एवढं लिहिलं की ज्याला तेवढा प्लॉट परवडत नाही तो आपोआप वेशीबाहेर.

गच्चीवरून

एका बांडगुळाच्या चौथ्या मजल्यावरून +१.

दगडधोंडे

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून उलट सांगतो. ह्यूस्टनमध्ये झोनिंग नाही. लोकांनी १९४८, १९६२ आणि १९९३ मध्ये मतदान करून ते नाकारलं. तरी शहर चालूच आहे ना? ऑफिसं ऑफिसांजवळ, घरं घरांजवळ. गोंगाट करणारा कारखानदार महागड्या बंगल्यांमध्ये जागा घेतच नाही, कारण ती त्याला परवडत नाही. बाजार आपोआप वर्गवारी करतो. सभागृहाने रंग भरले नाहीत म्हणून आभाळ कोसळत नाही.

नकाशेबाज

@दगडधोंडे, ह्यूस्टनचं उदाहरण येणार याची वाटच पाहत होतो. तिथे झोनिंग नाही, जमिनीचे नियम मात्र भरपूर आहेत. बऱ्याच वस्त्यांच्या खरेदीखतांतच अटी लिहिलेल्या असतात, इथे फक्त घरच बांधायचं वगैरे, आणि त्या मोडल्या तर खुद्द महापालिका कोर्टात जाऊ शकते. शिवाय प्लॉटचा किमान आकार, शहराच्या बहुतेक भागात पार्किंगची सक्ती, हे आहेच.

आणि तिथलाच एक निर्णय बघा. १९९८ मध्ये सभागृहाने आतल्या रिंगरोडच्या आतल्या भागात प्लॉटची किमान मर्यादा ५,००० चौरस फुटांवरून, काही अटींवर, १,४०० पर्यंत खाली आणली. एका जुन्या बंगल्याच्या जागी तीन-तीन अरुंद, उंच घरं उभी राहू लागली. वस्त्याच्या वस्त्या बदलल्या. मागणी आधीपासूनच होती, नियमाने तिला दार उघडून दिलं.

संध्याकाळ

"बाजार आपोआप वर्गवारी करतो" हे वाक्य वाचून थांबले. त्याच ह्यूस्टनमध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी १९७९ मध्ये कचरा कुठे टाकला जातो याची पाहणी केली होती. शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत निघाल्या. महागड्या बंगल्यांशेजारी कारखाना येत नाही हे खरं, दगडधोंडे. मग तो कुठे जातो, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. आणि त्या कचराभूमी बाजाराने टाकल्या नव्हत्या. त्यांच्या जागा शहराच्या कारभाऱ्यांनी ठरवल्या होत्या.

दगडधोंडे

संध्याताई, मुद्दा मान्य. पण मग तो सभागृहाच्या विरुद्धच जातो की. ज्यांच्या हातात पेन्सिल होती त्यांनीच हे केलं!

संध्याकाळ

तेच तर म्हणतेय. पेन्सिल काढून घेतली की ती दुसऱ्याच्या हातात जाते, नाहीशी होत नाही.

उगाचच

ताई म्हटल्यावर वाद संपला असं समजायचं का? 😛

रिकामी_वीट

पार्किंगचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव. इमारतीच्या तळमजल्यावर एका बाईंना लहान मुलांचं पाळणाघर काढायचं होतं. जागा होती, गिऱ्हाईक होतं, वस्तीला गरज होती. 'वापर बदलतोय' म्हणून परवानगी मागितली तर नव्या वापरासाठी जादा गाड्यांची जागा दाखवा म्हणाले. पाळणाघरात मुलं येतात कशी? कडेवर. पण पार्किंगच्या तक्त्यात आकडा होता. वर्षभर हेलपाटे घालून बाईंनी नाद सोडला. आता तिथे शटर ओढलेलं असतं आणि शटरसमोर गाड्या.

नकाशेबाज

तो तक्ता हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्य यावर घालवलं. एका गावाने शेजारच्या गावाचा तक्ता उचलायचा, त्याने आणखी कुणाचा उचललेला असायचा, आणि मुळात आकडा कुठून आला हे कुणालाच सांगता यायचं नाही. आता काही शहरं मागे फिरत आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोने २०१७ मध्ये शहरभरची किमान पार्किंगची सक्ती काढली. मेक्सिको सिटीने त्याच वर्षी किमानची कमाल केली, म्हणजे एवढ्यापेक्षा जास्त पार्किंग बांधू नका.

चारचाकी

हे सगळं कागदावर छान. माझ्या दारासमोर रोज परक्यांच्या गाड्या असतात. नव्या इमारतींना पार्किंग नको म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री अकरा वाजता आमच्या गल्लीत येऊन गाडी लावून दाखवावी.

रिकामी_वीट

दारासमोरचा रस्ता तुमच्या नावावर कधी झाला?

चारचाकी

तुमच्या पाळणाघराचा राग माझ्यावर काढू नका.

वाटसरू

धाग्याची गाडी पार्किंगमध्ये अडकली आहे. कृपया मैदानावर आणावी.

कोपऱ्यावरचा

मैदानावर आणायच्या आधी एक प्रश्न. झोनिंग म्हणजे 'इथे घर, तिथे दुकान' अशी फारकतच असायला हवी का? जपानमध्ये झोनचे प्रकार देशाच्या कायद्याने ठरवलेले आहेत, १२ होते, २०१८ पासून १३. त्यातल्या सगळ्यात कडक, ठेंगण्या घरांच्या झोनमध्येसुद्धा घराला जोडून छोटं दुकान चालतं. ते ५० चौरस मीटरच्या आत हवं आणि घराच्या निम्म्याहून कमी जागेत हवं. साधी अट. पण तिच्यामुळे गल्लीत न्हावी, शिंपी, वह्यापुस्तकांचं दुकान टिकतं. ज्या वस्तीत फक्त घरांनाच परवानगी, तिथे दुपारी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं. शहरांवर लिहिणाऱ्या न्यूयॉर्कच्या लेखिका जेन जेकब्स हेच ओरडून सांगत होत्या: वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांनी माणसं बाहेर असली की रस्त्यावर आपोआप लक्ष राहतं.

मधुमालती

+१. आणि म्हाताऱ्या माणसांना औषधं चालत जाऊन आणता येतात, हे वेगळंच.

जुनापुराणा

एवढे देश फिरून आलात, गिरणगावचं नाव कसं नाही अजून?

१९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. ऐन शहरात सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला: पुनर्विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. बहुतेक मालक हातावर हात ठेवून बसून राहिले. २००१ मध्ये नियम बदलला. आता वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणीच्या आवारात शेडखाली नसलेली जागा ती किती? लोक कोर्टात गेले, २००५ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. पुढे तिथे काय उभं राहिलं ते सगळे बघतातच.

धागाकर्त्यांना माझं सांगणं: नुसता नकाशाचा रंग बघू नका. त्याखालचा बारीक मजकूर बघा. गिरणगावात जमिनीचं भवितव्य एका पोटनियमाने फिरलं.

दगडधोंडे

जुनापुराणा, उत्तम. पण एक लक्षात घ्या, तो बदल महापालिकेच्या सभागृहाने नाही, राज्य सरकारने केला होता. जपानचा कायदा देशाचा. मग 'नगरसेवक वस्ती घडवतात' हे धागाकर्त्यांचं गृहीतकच डळमळतं.

नकाशेबाज

बरोबर पकडलंत. वरच्या सरकारने आखलेल्या चौकटीतच नगरसेवक खेळतात, आणि ती चौकट ठिकाणागणिक वेगळी. पण चौकटीत राहूनही बरंच असतं. शिकागोत तर अलिखित प्रथा आहे की एखाद्या वॉर्डातल्या झोनिंगच्या बदलावर त्या वॉर्डाच्या नगरसेवकाचाच शब्द शेवटचा, बाकीचे त्याच्या मागे हात वर करतात. सगळ्या शहराला लागणारी घरं मग कुणाच्याच वॉर्डात नको असतात.

पाचवी_गल्ली

आता जरा कडू बोलते. हा सगळा धागा घर असलेल्यांचा आहे. मी भाड्याने राहते, दर काही वर्षांनी सामान बांधते. तिसरा_मजला, त्या जागेवर शंभर घरं झाली तर शंभर कुटुंबांना छप्पर मिळेल. त्यांतलं एकही कुटुंब तुमच्या सुनावणीला येणार नाही, कारण ते अजून तिथे राहतच नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या अशा बैठकांची इतिवृत्तं तपासली होती. बोलायला उठणारे गावातल्या सरासरीपेक्षा वयस्कर, बहुतेक घरमालक, वर्षानुवर्षं तिथलेच, आणि बहुसंख्यांचा सूर 'नको' हाच.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये रहिवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला मुभा दिली. त्यानंतर बांधकाम परवाने वाढले, जोडघरं सगळीकडे उगवली. 'आमच्या वस्तीचं स्वरूप' जपत बसले असते तर हे झालं असतं का?

तिसरा_मजला

ताई, मी घरांच्या विरोधात नाही हो. पण पोरांनी खेळायचं कुठे? आसपास दुसरं मैदान नाही. बंगल्यांच्या प्लॉटवर इमारती आल्या तर माझी हरकत नाही, हे तर वस्तीतलं एकमेव मैदान आहे.

पाचवी_गल्ली

हा मुद्दा पटला. मग हरकतीत हेच लिहा. "स्वरूप बिघडेल", "बाहेरचे लोक येतील" असलं काही लिहू नका.

कोपऱ्यावरचा

@पाचवी_गल्ली, ऑकलंडसोबत मिनियापोलिसही बघा. तिथल्या सभागृहाने २०१८ मध्ये एका घराच्या प्लॉटवर तीन घरांपर्यंत मुभा देणारा आराखडा मंजूर केला, जगभर गाजावाजा झाला. प्रत्यक्षात तीन-तीन घरांच्या इमारती मोजक्याच झाल्या. बहुतेक नवी घरं आली ती मोठ्या रस्त्यांकडेच्या अपार्टमेंटांत. मुभा दिली म्हणजे बांधकाम होतंच असं नाही. हिशेब जमावा लागतो.

दगडधोंडे

हेच मी पहिल्या प्रतिसादापासून म्हणतोय!!

उगाचच

दगडधोंडे यांचा विजय असो. सत्कार मैदानावर, जर शिल्लक असेल तर.

रिकामी_वीट

उलट बाजूचं उदाहरण: सगळीच बंधनं काढली तर काय होतं. इंग्लंडमध्ये २०१३ पासून ऑफिसांची घरं करायला नगरपालिकेची नेहमीची पूर्ण परवानगी लागेनाशी झाली. घरं झाली, पण त्यांतल्या काही खोल्यांना खिडकीच नाही. ऑफिसचा मजला खोल असतो, मधल्या भागाला बाहेरची भिंतच येत नाही, तिथेही पार्टिशन टाकून खोल्या काढल्या. शेवटी २०२० मध्ये नैसर्गिक उजेडाची आणि २०२१ मध्ये किमान क्षेत्रफळाची अट घालावी लागली. खिडकी हवी, हे कायद्यात लिहायला लागलं!

नकाशेबाज

मूळ प्रश्नाकडे येतो. तिसरा_मजला, हरकतीला अर्थ असतो, पण तो कशात असतो ते समजून घ्या.

मैदानाची जमीन घरांची झाली की ठराव मंजूर झाल्या क्षणी तिची किंमत कित्येक पटींनी वाढते. एक वीटही रचलेली नसते. ही वाढ मालकाच्या कर्तबगारीची नसते, सभागृहाच्या सहीची असते. म्हणून शहराला काही मागून घ्यायचं असेल तर त्या सहीच्या आधी. व्हिएन्नात २०१९ पासून मोठी जागा रहिवासी झोनमध्ये आली की साधारणपणे दोन तृतीयांश क्षेत्र अनुदानित घरांसाठी ठेवावं लागतं. सही झाल्यावर विनंत्याच करता येतात.

तेव्हा हरकत दोन थरांत लिहा. पहिला थर, मैदान का हवं: आराखड्यात ते कशासाठी राखीव होतं, परिसरात दुसरी मोकळी जागा कुठे आहे किंवा नाही, आणि बदल करताना प्रशासनाने पर्यायी जागा कुठली सुचवली. बहुतेक वेळा हा रकाना कोरा असतो. दुसरा थर, बदल होणारच असेल तर अटी: किती भाग मोकळा आणि सर्वांना खुला राहील, तो कुणाच्या नावावर असेल, घरांपैकी किती परवडणारी, आणि हे सगळं ठरावाच्या मजकुरात. नुसतं 'विकासकाने आश्वासन दिले आहे' चालणार नाही.

जुनापुराणा

शेवटची ओळ सोन्याची. 'सर्वांना खुली' बागसुद्धा बघून घ्या. न्यूयॉर्कने १९६१ च्या नियमावलीत इमारतीसमोर चौक मोकळा सोडला तर जादा मजले देऊ केले. मजले ताबडतोब मिळाले. चौकांपैकी काहींना पुढे कुंपणं लागली, काहींत बसायला जागाच नाही.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. आज कार्यालयात जाऊन रंगीत नकाशा पाहिला. द्यायला नको म्हणत होते, टेबलावर ठेवून पाहू दिला. दोन गोष्टी कळल्या. मैदान पूर्ण पिवळं होत नाहीये, रस्त्याकडेची पट्टी व्यापारी आहे. आणि पलीकडच्या बाजूला रस्ता रुंदीकरणाची तुटक रेघ आहे, ती नोटिशीतल्या झेरॉक्समध्ये उमटलीच नव्हती. ती रेघ आमच्या नाही, शेजारच्या चाळीवरून जाते. त्यांना कुणालाच माहीत नाही. संध्याकाळी तिथे जातोय.

संध्याकाळ

त्यांना आधी सांगा. मैदानाचं नंतर. आणि त्यांची हरकत त्यांच्या नावाने, वेगळी द्या. तुमच्या अर्जात तळटीप म्हणून नको.

पाचवी_गल्ली

चाळीत भाडेकरू असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. नोटीस मालकाला जाते, आणि मालक सांगेलच असं नाही.

नकाशेबाज

अर्जाच्या दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून परत घ्या. सुनावणीत "तुमची हरकत मिळालीच नाही" हे वाक्य मी टेबलाच्या पलीकडून इतक्यांदा ऐकलंय की सांगता सोय नाही.

चारचाकी

रस्ता रुंद होणार म्हणजे कडेला पार्किंग मिळणार का?

वाटसरू

कुणीतरी यांना आवरा.